गणितसारसंग्रह आणि आपले सोलापूर

जैन आचार्यांची ग्रंथसंपदा म्हटली म्हणजे पुराणे, आचारग्रंथ व न्यायग्रंथ यांचेच स्मरण आपणांस प्रथम होते. परंतु नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष यांच्या कारकीर्दीत, महावीराचार्यांनी रचलेला ‘गणितसारसंग्रह’ हा केवळ गणितास वाहिलेला ग्रंथही याच परंपरेचे धन होय. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, सोलापूरपासून फार दूर नाही.

या ग्रंथात जी आठ परिकर्मे सांगितली आहेत, त्यांत घनमूळ हे एक होय. घनमूळाची रीत आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास सांगितली होती. महावीराचार्यांनी उजवीकडून अनुक्रमे घन, शोध्य व भाज्य अशी स्थानांना नावे देऊन ती मांडली.

१२९७७८७५ ही संख्या घेऊ. तिचे उजवीकडून १२, ९७७, ८७५ असे गट पडतात. १२ मधून २ चा घन ८ वजा करता ४ उरतात, मूळ २. पुढील ९ उतरवून ४९ ला २ च्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे १२ ने भागावे. येथे ४ चा भाग जातो, पण पुढील वजाबाकी अडते. म्हणून ३ घ्यावे. बाकी १३. नंतर ७ उतरवून १३७ मधून ३×२×९ = ५४ वजा करावे; ८३ उरतात. पुन्हा ७ उतरवून ८३७ मधून ३ चा घन २७ वजा करता ८१० राहतात, मूळ २३. हाच क्रम पुढे चालविता ८१०८ ला १५८७ ने भागून ५ येतात व बाकी १७३; १७३७ मधून १७२५ गेले, १२ उरले; १२५ मधून १२५ गेले, शून्य. घनमूळ २३५.

हा ग्रंथ १९१२ साली मद्रास येथे रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. पुढे १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रकाशित करण्याचे श्रेय सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेस आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानशीलतेचे ते फळ होय.

आज यंत्र क्षणार्धात उत्तर देते. परंतु उत्तर का येते, हे ते सांगत नाही. ग्रंथ छापून झाला म्हणजे रक्षण झाले असे नव्हे. तो वाचणारा नसेल तर कपाटातही लुप्तच होतो. सभासद कुटुंबांनी एखाद्या सायंकाळी मुलांना पाटीवर ही एवढी रीत करून दाखवावी, म्हणजे दात्याचे दान सार्थकी लागेल.