कष्ट, सराव आणि ट्रायथलॉन

गेल्या काही वर्षांत नातेवाइकांच्या घोळक्यात एक शब्द सारखा कानावर पडायला लागला आहे... ट्रायथलॉन. आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर आलं की लगेच सायकल, आणि सायकल ठेवली की लगेच पळायचं. मधे घड्याळ थांबत नाही. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं. 'आयर्नमॅन' नावाची शर्यत त्याहून कितीतरी मोठी. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन! हे सगळं साधारण १७ तासांच्या आत.

आमच्या वरोरमध्ये हे कुणाला सांगितलं तर पहिला प्रश्न येतो, "कशाला?" आणि तो चेष्टेचा नसतो. वरोर म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. इथे पोरं पोहायला शिकली ती होडी-जाळ्याच्या संगतीने, सायकल आली ती कामावर जाण्यासाठी, आणि पायपीट बायकांच्या वाट्याची. माशांची पाटी डोक्यावर घ्यायची आणि बाजार गाठायचा. म्हणजे पोहणं, सायकल आणि पाय, तिन्ही गोष्टी गावाने पिढ्यान् पिढ्या केल्या, पण पोटासाठी. तेच आता पदरचे पैसे भरून, हौसेने करायचं? इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे असा प्रश्न आला की थोडं मागे जाऊन बघायची खोड आहे. तर चला.

'हौशी खेळाडू' हा शब्द आज आपण सहज वापरतो. इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर'चा तो मराठी अवतार. पण ह्या अमॅच्युअर शब्दाचा भूतकाळ काही फार चांगला नाही. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मैदानी खेळांचे नियम लिहिले गेले, तेव्हा हौशी कोणाला म्हणायचं ह्याची व्याख्या ठरली. पैशासाठी खेळणारा त्यातून वगळला हे समजू शकतं. पण त्याबरोबर कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर हेही वगळले! अंगमेहनतीने ज्याचं शरीर कमावलेलं आहे त्याला आयताच फायदा मिळतो, असं त्याचं समर्थन केलं जाई. खरी गोष्ट अशी की साहेबाला आपल्या गवंड्याकडून हरायचं नव्हतं. धावण्याच्या शर्यतींतून हे कलम १८८० मध्ये गेलं, पण हेन्लीच्या प्रसिद्ध नौका-शर्यतीत ते १९३० च्या दशकापर्यंत टिकून होतं.

१९२० साली ह्याच हेन्लीने जॉन केली नावाच्या अमेरिकन नाविकाचा अर्ज नाकारला. हा फिलाडेल्फियाचा गवंडी. नाकारण्याच्या कारणांत त्याच्या क्लबशी असलेलं जुनं भांडण होतं आणि त्याचं गवंडीकामही होतं. काही आठवड्यांनी हाच केली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये गेला आणि एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत सुवर्णपदक घेऊन आला. त्याच अँटवर्पला मॅरेथॉन जिंकली फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने. हाही विटांचं काम करून पोट भरलेला माणूस!

आता आपल्याकडे येऊ, कारण त्याच मॅरेथॉनमध्ये आपला एक माणूस धावत होता. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहायला दोराबजी टाटा आले होते. ते जिमखान्याचे अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतले, अनवाणी, शास्त्रशुद्ध सराव म्हणजे काय हे ठाऊक नसलेले. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. ह्यांना ऑलिम्पिकला पाठवलं पाहिजे असं टाटांच्या मनाने घेतलं. त्या काळचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. समितीतल्या एका सदस्याला विचारलं गेलं की १०० मीटरसाठी किती वेळ लागावा? उत्तर आलं, एक ते दोन मिनिटं! इथे हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा असतो हे कळल्यावर गृहस्थ थक्क झाले. इतकी आपली तयारी.

पण चमू गेला. चार धावपटू आणि दोन मल्ल. अँटवर्पला जाण्याआधी काही आठवडे इंग्लंडमध्ये सराव झाला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा जास्तच. पदक नाही मिळालं. पण पुण्याच्या मैदानावरचं ते अनवाणी बळ जगातल्या पहिल्या वीसात जाऊन बसलं, हे विसरू नये.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कष्टाने शरीर कणखर होतं, हे खरं. मग फक्त कष्टच पुरे असते तर दुनियेतले सगळे हमाल आणि शेतमजूर विजेते झाले असते, आणि आमच्या गावच्या म्हाताऱ्या कोळणी सत्तरीत गुडघे धरून बसल्या नसत्या. कष्ट आणि सराव ह्यांत फरक आहे. सरावात तीन गोष्टी असतात: श्रम, विश्रांती आणि स्वतःची मर्जी. कष्टात फक्त पहिली असते. पाटीवालीला आज पाय दुखतात म्हणून सुट्टी नव्हती. मासे थांबत नाहीत.

ही विश्रांती म्हणजे आळस नव्हे. व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो, त्यातला साखरेचा साठा संपतो. शरीर ही झीज भरून काढतं ते नंतर, झोपेत आणि हलक्या दिवशी, आणि भरून काढताना थोडं जास्तच भरतं. माणूस बळकट होतो तो त्या वेळी. रोज दमवत राहिलं आणि भरायला वेळच दिला नाही तर उलट झीज वाढते. म्हणून जाणकार प्रशिक्षक आठवड्यात हलके दिवस ठेवतात, आणि दोन-तीन आठवडे चढवत नेऊन मग एक आठवडा उतरवतात.

आयर्नमॅनचा जन्मही कामकरी माणसांतलाच, हे वाचून मला बरं वाटलं. १९७० च्या दशकात हवाईमध्ये एक वाद रंगला की सगळ्यांत तंदुरुस्त कोण? पोहणारा, पळणारा की सायकलवाला? अमेरिकन नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स ह्यांनी तोडगा काढला की तिथल्या तीन शर्यती एकापुढे एक जोडाव्यात. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. पहिला आला गॉर्डन हॅलर, टॅक्सी चालवणारा! वेळ ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद. पुढच्याच वर्षी लिन लमेअर ही पहिली स्त्री त्यात उतरली आणि तिने शर्यत पूर्ण केली.

शरीराच्या बाजूने ह्या खेळाची गंमत ही की तिन्ही भाग वेगवेगळे स्नायू मागतात. पोहताना खांदे आणि पाठ, सायकलवर मांड्या, पळताना पोटऱ्या. सायकलवरून उतरून पहिली काही मिनिटं पळताना पाय दुसऱ्याचेच वाटतात म्हणे. त्याची सवय व्हावी म्हणून सायकल आणि पळणं जोडून करतात. त्या सरावाला 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. आपल्या त्या दोन गवंड्यांना हे नाव आवडलं असतं!

दुसरी गोष्ट इंधनाची. शरीरातला साखरेचा साठा साधारण २,००० कॅलरींचा, तो काही तासांत संपतो. दहा-पंधरा तास चालायचं तर वाटेत खाणं आणि ते पचवणं ह्याचाही सराव लागतो. पाण्याचंही तसंच. कमी पडलं तर त्रास, आणि भीतीपोटी ढोसलं तरी त्रास. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांत सोडियम नेहमीच्या पातळीखाली गेलेलं होतं. त्याचं मोठं कारण जास्त पाणी.

आता मनाकडे. २००९ साली वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातल्या संशोधकांनी १६ जणांना सायकलवर बसवून दमेपर्यंत चालवायला सांगितलं. एकदा त्याआधी ९० मिनिटं संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं, एकदा नुसतं काहीतरी बघत बसवलं. डोकं शिणलेलं असताना ते सरासरी ६४० सेकंदांत थांबले, एरवी ७५४ सेकंद चालले. हृदय आणि फुप्फुसं दोन्ही वेळा सारखंच काम करत होती! फरक पडला तो 'किती जड जातंय' ह्या जाणिवेत. दिवसभर कचेरीत डोकं शिणवून, लोकलमध्ये उभं राहून घरी आलेल्या आणि मग सरावाला निघालेल्या आपल्या मुलांसाठी हे फार कामाचं आहे. त्या दिवशी पाय जड वाटले तर तो नेभळटपणा नाही. व्यावसायिक खेळाडू सराव करून झोपतो, हौशी माणूस सराव करून नोकरीला जातो. तो थकवाही हिशेबात धरलाच पाहिजे.

मनाचं दुसरं काम म्हणजे सातत्य. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले ते ह्याच विश्वासाने. एके दिवशी पाचशे आणि मग महिनाभर दांडी, ह्यापेक्षा रोज पंचवीस बरे.

आणि तिसरं, सगळ्यांत कठीण काम म्हणजे थांबता येणं. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ मधल्या ट्रायथलॉनचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना नोंदल्या आहेत, त्यातल्या ९० पोहताना घडल्या. प्रमाण लाखात दोनाहूनही कमी, म्हणजे घाबरून घरी बसण्याइतकं नाही. पण ह्यांत बहुसंख्य पुरुष, आणि सरासरी वय ४७ च्या आसपास. चाळिशी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावं आणि तलावात कितीही पोहत असलात तरी समुद्राला वेगळं समजावं. इथला मच्छिमार भरती-ओहोटी आणि उधाण-भांग पाहिल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकत नाही. तोही रोजचाच माणूस, तरी आजचं पाणी नको म्हणायची त्याला लाज वाटत नाही.

आपल्याकडे हा खेळ लोकांच्या नजरेत आला तो २०१५ मध्ये, मिलिंद सोमण ह्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली तेव्हा. पण ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, म्हणजे पाया तीस वर्षांपूर्वीचा, हे लोक विसरतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची आयर्नमॅन सुरू झाली आणि मराठी घरांतली मुलं तिकडे जायला लागली. पुण्याचे कौस्तुभ राडकर ह्यांच्यासारखे प्रशिक्षक आज आपल्याच भाषेत मार्गदर्शन करू शकतात. चौगुल्यांच्या काळी ह्यातलं काय होतं?

तर "कशाला?" ह्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे. जे श्रम आपल्या आज्या-पणज्यांनी सक्तीने केले, ते मर्जीने आणि विश्रांतीसकट करता येणं हे मोठं भाग्य आहे. ते भोगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विश्रांतीचा दिवस चुकवू नये, कारण तोच तर आपल्याला मिळालेला जास्तीचा हक्क आहे. आणि ह्या किनाऱ्यावरची समुद्रात पोहणारी पोरं, त्यांच्याकडे भारी सायकल आणि शर्यतीची फी नाही म्हणून जर बाहेरच राहणार असतील, तर १८६० च्या दशकातलं ते कलम आपण दुसऱ्या दाराने परत आणलं असं होईल. ज्यांच्याकडे जुनी चांगली सायकल धूळ खात पडली असेल, त्यांनी ती एखाद्या अशा पोराला द्यावी. त्याला पोहायला शिकवायची गरज पडणार नाही.

तुमच्यापैकी कोणी ह्या शर्यती केल्या असतील तर सरावाचं वेळापत्रक आणि विशेषतः सुट्टीचा दिवस कोणता ठेवता, ते जरूर कळवा.