पालेर्मोचे लाकडी छत

इटली म्हटले की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावे डोळ्यांसमोर येतात. सिसिली बेटावरील पालेर्मोची आठवण क्वचितच निघते. इ.स. 831 मध्ये हे शहर अरबांनी जिंकले आणि 1072 मध्ये ते नॉर्मन सरदारांच्या हाती गेले. राज्य ख्रिस्ती झाले, पण मुसलमान कारागिरांना काम मिळत राहिले. आम्ही वर्गात शिकवतो तो इतिहास बहुधा लढायांचा. पालेर्मोचा इतिहास मात्र लाकूड, दगड आणि रेशमावरही लिहिलेला आहे.

राजा दुसरा रॉजर (कारकीर्द 1130 ते 1154) याने राजवाड्यात ‘कापेला पालातिना’ हे प्रार्थनामंदिर बांधले. त्याच्या घुमटात बायझंटाइन पद्धतीचे सोनेरी मोझेइक आणि येशू ख्रिस्ताची प्रतिमा आहे. मधल्या दालनावर मात्र ‘मुकर्नस’चे लाकडी छत. लहान लहान कोनाडे एकावर एक रचत मधाच्या पोळ्यासारखी केलेली ही रचना खास इस्लामी जगातली. छतावर वादक, बुद्धिबळपटू, पशुपक्षी रंगवलेले आहेत आणि कूफी अक्षरांत अरबी शुभेच्छा लिहिल्या आहेत.

याच रॉजरचे लाल रेशमी राजवस्त्र आज व्हिएन्नाच्या संग्रहात आहे. मध्यभागी खजुराचे झाड आणि दोन्ही बाजूंना उंटावर झडप घालणारा सिंह, असे त्यावरचे जरीकाम. काठावरचा अरबी मजकूर सांगतो की, हे वस्त्र राजाच्या कारखान्यात हिजरी 528 (इ.स. 1133-34) मध्ये तयार झाले. ख्रिस्ती राजाच्या वस्त्रावर हिजरी सन! पुढे हेच वस्त्र पवित्र रोमन सम्राटांच्या राज्याभिषेकात वापरले गेले.

हा सलोखा टिकला नाही. 1161 मध्ये पालेर्मोत मुसलमानांची कत्तल झाली. 1220 नंतरच्या दशकांत सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीतील मुसलमानांना उचलून मुख्य भूमीवरील लुचेरा येथे वसवले. 1300 मध्ये ती वसाहतही उद्ध्वस्त करून तेथील लोकांना गुलाम म्हणून विकण्यात आले. कलेची कदर झाली, कलावंताच्या वस्तीची मात्र झाली नाही.

2015 मध्ये युनेस्कोने पालेर्मोच्या अरब-नॉर्मन वास्तूंना जागतिक वारशात स्थान दिले. शहराची आणखी एक कारागिरी आजही जिवंत आहे, ती म्हणजे कळसूत्री बाहुल्यांची. लाकूड कोरून आणि पत्रा ठोकून चिलखतधारी वीर घडवले जातात. खेळ असतो शार्लमेनच्या सरदारांचा, आणि त्यात मुसलमान येतो तो बहुधा शत्रू म्हणून, तलवारीच्या घावाने कोसळण्यासाठी. त्याच शहरात मुसलमान कारागिरांच्या हातचे ते छत सुमारे पावणेनऊशे वर्षे टिकून आहे. ते घडवणाऱ्यांची नावे मात्र कोणी नोंदवून ठेवली नाहीत.

मुलांना तलवारींच्या गोष्टी सहज पाठ होतात. त्यांना त्या छताची गोष्टही सांगणे, हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.