आइसलंडचा रिंगरोड

उत्तर अटलांटिक महासागरातल्या आइसलंड या बेटाला पूर्ण वळसा घालणारा क्रमांक १ चा रस्ता सुमारे १,३२२ किलोमीटर लांबीचा आहे. लहानशा गाडीत तंबू, स्लीपिंग बॅग आणि गॅसची शेगडी टाकून दोघांनी आठ-दहा दिवसांत ही प्रदक्षिणा पुरी करायची, मुक्कामाला रोज नवे गाव गाठायचे, हा आज या बेटावरच्या प्रवासाचा अगदी रूढ प्रकार झाला आहे. धबधबे, हिमनद्यांची टोके, काळ्या वाळूचे किनारे आणि शेवाळाने मढलेली लाव्हाची मैदाने या एकाच रस्त्यावर ओळीने भेटतात. प्रवासाची ही रीत मात्र फार जुनी नाही. १९७४ पूर्वी हा वळसा गाडीने पुरा होतच नव्हता. दक्षिण किनाऱ्यावरचा एक वाळूचा पट्टा आणि त्यातून वाहणाऱ्या नद्या आड येत होत्या. रिंगरोडचा इतिहास म्हणजे मुख्यतः या नद्यांशी केलेल्या तडजोडीचा इतिहास आहे.

रस्ते नव्हते तेव्हाही आइसलंडमध्ये तंबू घेऊन फिरणारे लोक येत असत. इंग्लिश कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस १८७१ मध्ये तीन सोबत्यांसह आला आणि त्याने काही आठवडे घोड्यावरून बेटाचा पश्चिम व दक्षिण भाग पाहिला. १८७३ मध्ये तो पुन्हा आला. त्या काळच्या अशा प्रवासाला वाटाडे लागत, बसायचे घोडे आणि सामान वाहायचे घोडे वेगळे लागत. खाणावळी जवळपास नसल्यामुळे रात्र तंबूत, शेतकऱ्याच्या घरी किंवा गावच्या चर्चमध्ये काढावी लागे. दोघांनीच निघावे आणि मन मानेल तिथे थांबावे, ही सोय त्या व्यवस्थेत बसत नव्हती. एक गोष्ट मात्र प्रवाशाच्या बाजूची होती. १२८१ च्या ‘यॉन्सबोक’ या कायदासंग्रहाने वाटसरूला दुसऱ्याच्या जमिनीवर थांबून घोडे चारण्याची मुभा दिली होती, मात्र राखलेल्या गवताला हात लावायचा नाही अशा अटीवर. मोकळ्या रानात रात्र काढण्याच्या पुढच्या काळातल्या सवयीमागे या जुन्या हक्काची परंपरा आहे.

रस्त्यांआधी पूल आले. दक्षिणेतल्या ओल्फुसाउ नदीवर १८९१ मध्ये आणि थ्योर्साउ नदीवर १८९५ मध्ये झुलते पूल उभे राहिले. त्यांच्यामुळे पहिल्यांदाच शेतकऱ्याला घोडा पोहवत न नेता नदी ओलांडता आली. पहिली मोटार १९०४ मध्ये बेटावर उतरली, पण तिला चालायला रस्ताच नव्हता. पुढच्या अर्धशतकात खडी पसरलेले रस्ते गावागावांना जोडत गेले. उत्तरेकडून अकुरेरीमार्गे पूर्व किनाऱ्यापर्यंत आणि तिथून दक्षिणेला होप्न या बंदरापर्यंत वाहने जाऊ लागली. पश्चिमेकडून येणारा रस्ताही पुढे सरकत होता. १९६७ मध्ये योकुल्सारलोन या हिमखंडांच्या सरोवरातून समुद्राला मिळणाऱ्या नदीवर पूल झाला. २६ मे १९६८ रोजी साऱ्या देशाने एकाच दिवशी रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. तेव्हाही वर्तुळ पुरे व्हायला थोडे अंतर उरलेच होते.

ते अंतर म्हणजे स्केइदारारसांडूर. वातनायोकुल या युरोपातल्या सर्वांत मोठ्या हिमटोप्यांपैकी एकाच्या दक्षिण पायथ्याशी, हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्रावर पसरलेले हे वाळूचे मैदान हिमनद्यांनी आणलेल्या गाळाचे आहे. त्यावरून वाहणाऱ्या नद्यांना काठ नाही. पाणी अनेक प्रवाहांत फुटते, प्रवाह हवे तसे सरकतात, आणि उन्हाळ्यात बर्फ वितळले की त्यांचा जोर वाढतो. खरा धोका मात्र वातनायोकुलच्या बर्फाखाली दडलेल्या ग्रीम्सव्होत्न या ज्वालामुखीचा. त्याच्या उष्णतेने बर्फ वितळत राहते आणि पाणी बर्फाच्या झाकणाखाली सरोवरात साठते. साठा एका मर्यादेपलीकडे गेला की ते पाणी हिमनदीखालून वाट काढत मैदानावर कोसळते. असे पूर काही वर्षांच्या अंतराने येत. एवढ्या अनिश्चित जमिनीवर पूल बांधण्याची हिंमत कोणी करत नव्हते, यात नवल नाही.

या मैदानाच्या पूर्वेला ओरैवी हा मोजक्या शेतांचा प्रदेश. दोन्ही बाजूंना हिमनद्यांच्या नद्या, वर हिमटोप आणि खाली बंदर नसलेला समुद्र, असे त्याचे स्थान. तिथली टपाल नेणारी माणसे पाण्याची सवय असलेल्या निवडक घोड्यांवरून प्रवाह ओलांडत, आणि नदी अगदीच बेभान असली तर हिमनदीच्या टोकावरून, भेगा चुकवत, पलीकडे जात. पाणी कुठे उथळ आहे आणि तळाची वाळू कुठे धरून आहे, हे पाण्याच्या रंगावरून आणि लाटेवरून ओळखण्याचे त्यांचे ज्ञान कोणत्याही नकाशात नव्हते. रिंगरोडच्या कहाणीत या लोकांना क्वचितच जागा मिळते, आणि ती मिळायला हवी. पूल झाला तेव्हा सर्वांत मोठा बदल त्यांच्या आयुष्यात झाला. त्याआधी ओरैवीतून गाडीने राजधानी रेक्याविकला जायचे, तर पूर्व आणि उत्तर किनाऱ्यावरून साऱ्या बेटाला वळसा घालून हजार किलोमीटरहून जास्त रस्ता कापावा लागे. थेट अंतर मात्र सुमारे सव्वातीनशे किलोमीटर.

देशाची लोकसंख्या तेव्हा दोन लाखांहून थोडी जास्त होती. एवढ्या लहान देशाने या कामासाठी बक्षिसाची सोडत असलेले रोखे काढले, लोकांनी ते घेतले आणि काम १९७२ मध्ये सुरू झाले. अभियंत्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला, तो म्हणजे नदीला जिंकायचे नाही. दगडमातीचे लांब बांध घालून प्रवाहांना ठराविक वाटांकडे वळवायचे, पूल त्या वाटांवर बांधायचे, आणि पाणी फारच चढले तर पुलाआधी रस्त्याचा भराव वाहून जावा अशी त्याची उंची ठेवायची. भराव पुन्हा घालता येतो, पूल लवकर उभा करता येत नाही. नूप्सव्होत्न, गीग्युक्वीस्ल आणि स्केइदाराउ या तीन प्रवाहांवर एकेरी वाहतुकीचे लांब पूल झाले. त्यांतला स्केइदाराउवरचा ९०४ मीटरांचा पूल देशातला सर्वांत लांब ठरला. १४ जुलै १९७४ रोजी तो खुला झाला. परंपरेनुसार ८७४ मध्ये बेटावर पहिली वस्ती झाली, तिला अकराशे वर्षे पुरी होत होती, आणि या वर्षाचा सोहळा साऱ्या देशात चालू होता.

त्या उन्हाळ्यापासून आइसलंडच्या कुटुंबांनी आपल्याच देशाची प्रदक्षिणा सुरू केली. रस्ता बहुतेक खडीचाच होता, धूळ उडे, काचा फुटत, पण वाटाड्याची गरज उरली नव्हती. १९७५ पासून फेरो बेटांमार्गे येणारी फेरीबोट पूर्वेच्या सेदिस्फ्योर्दुर बंदराला लागू लागली आणि युरोपातले प्रवासी आपली गाडी घेऊन उतरू लागले. मॉरिसच्या तांड्याला जे जमले नसते, ते आता दोन माणसांना एका गाडीत जमत होते. नव्या रस्त्यामुळे स्काफ्ताफेल हे १९६७ चे राष्ट्रीय उद्यान रेक्याविकहून एका दिवसाच्या अंतरावर आले आणि तिथला तंबूतळ लोकप्रिय झाला.

तडजोडीची कसोटी १९९६ मध्ये लागली. ३० सप्टेंबरला ग्रीम्सव्होत्नच्या उत्तरेला बर्फाखाली उद्रेक सुरू झाला आणि पाणी सरोवरात साठत गेले. महिनाभर शास्त्रज्ञ आणि रस्ते खात्याचे लोक त्या पाण्याकडे लक्ष ठेवून होते. ५ नोव्हेंबरच्या सकाळी ते सुटले. पुराच्या शिखरावर सेकंदाला ४५,००० घनमीटरहून अधिक पाणी वाहत होते, आणि त्यात घराएवढे हिमखंड होते. गीग्युक्वीस्लवरचा ३७६ मीटरांचा पूल पुरा वाहून गेला, स्केइदाराउवरच्या पुलाचा सुमारे १७६ मीटरांचा भाग गेला. रस्ता आधीच बंद केला होता, त्यामुळे कोणीही दगावले नाही. महिना संपण्याआधी तात्पुरते पूल टाकून वाहतूक सुरू झाली. पिळवटलेल्या तुळया आज रस्त्याकडेला स्मारक म्हणून ठेवल्या आहेत. जुलै २०११ मध्ये काट्ला ज्वालामुखीकडून आलेल्या लहान पुराने मूलाक्वीस्ल नदीवरचा पूल नेला. ऐन पर्यटनाच्या हंगामात रिंगरोड तुटला. आठवडाभरात तात्पुरता पूल उभा राहीपर्यंत उंच चाकांच्या वाहनांतून माणसे आणि ट्रकवर चढवलेल्या गाड्या नदीपार नेल्या गेल्या.

निसर्गानेच एक पूल निकामीही केला. हिमनदी मागे हटली तशी स्केइदाराउने २००९ मध्ये आपले पात्र सोडले आणि तिचे पाणी गीग्युक्वीस्लला मिळाले. २०१७ मध्ये शेजारी ६८ मीटरांचा छोटा पूल बांधून रस्ता तिकडून वळवला गेला. इतरत्र बोगद्यांनी वळसे कमी केले. १९९८ मध्ये ह्वालफ्योर्दुर या खाडीखालून ५,७७० मीटरांचा बोगदा झाला. पूर्व किनाऱ्यावरचा खडीचा शेवटचा तुकडा डांबरी व्हायला मात्र २०१९ उजाडले. एकेरी पूल अजून बरेच आहेत. जो पुलाच्या जवळ, तो आधी, हा तिथला रिवाज आहे.

२०१० च्या एयाफ्यात्लायोकुल उद्रेकाने आइसलंडचे नाव जगभर गेले. परदेशी पाहुणे त्या वर्षी पाच लाखांच्या आत होते, २०१८ मध्ये ते २३ लाखांच्या आसपास पोचले. झोपायची सोय असलेल्या भाड्याच्या गाड्या वाढल्या आणि जुन्या वाटसरूच्या हक्कावर ताण आला. कारण तो हक्क घोड्यावरून जाणाऱ्या थोड्यांसाठी होता. पावलाखाली चिरडलेले शेवाळ भरून यायला दशके लागतात. रिंगरोडजवळची फ्याद्रारग्ल्युव्हूर घळ एका गाण्याच्या चित्रफितीनंतर इतकी गजबजली, की २०१९ मध्ये ती काही काळ बंद ठेवावी लागली. नोव्हेंबर २०१५ पासून अमलात आलेल्या निसर्गसंरक्षण कायद्याने वाहनात झोपणाऱ्यांना ठरलेल्या तंबूतळांपुरते मर्यादित केले. बाहेर थांबायचे तर जमीनमालकाची परवानगी हवी. तंबूतळांपैकी बरेचसे फक्त उन्हाळ्यात, म्हणजे साधारण मे अखेर ते सप्टेंबरपर्यंत, चालू असतात. पायी जाणाऱ्याला मात्र नांगराखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीवर, काही अटींसह, एका रात्रीचा तंबू लावता येतो.