हालिदे, खालिदा आणि आपली फातमा

तुर्की लेखिका हालिदे एदिब यांचे नाव मराठीत कसे लिहावे? इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिणारे सरळ ‘हॅलिडे’ करून टाकतात. उर्दूत त्या ‘ख़ालिदा अदीब ख़ानम’ म्हणून ओळखल्या गेल्या. तुर्क मंडळी म्हणतात ‘हालिदे’, ‘हा’ लांबवून आणि शेवटी स्पष्ट ‘दे’. ‘हॅलिडे’ला काही आधार नाही. उरलेली दोन्ही रूपे मात्र एकाच नावाची आहेत.

मूळ शब्द अरबी. ‘ख़ालिद’ म्हणजे चिरकाल टिकणारा, ‘ख़ालिदा’ हे त्याचे स्त्रीलिंगी रूप. इस्तंबूलच्या तुर्कीत ‘ख़’ हा उच्चार नाही, त्याचा ‘ह’ होतो. अशा नावांच्या शेवटचा ‘आ’ बहुधा ‘ए’कडे झुकतो. म्हणून आयेशाची आयशे झाली, अमीनाची एमिने, ख़दीजाची हातिजे. शेवटचा ‘ब’ही टिकत नाही, जैनबची तिथे झेनेप होते. हालिदेंच्या वडिलांचे ‘एदिब’ हे नावही आज ‘एदिप’ असे लिहिलेले सापडते.

हे उच्चार तुर्कांच्या तोंडी आधीपासूनच होते. १९२८ साली बदलली ती लिपी. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मुस्तफा कमाल यांच्या सरकारने लॅटिन वर्णमालेचा कायदा केला. उस्मानी लिपीत हे नाव ‘खे’ने लिहिले जाई. वाचणारा ‘हा’ म्हणाला तरी डोळ्यांना ‘ख़ालिद’ दिसत असे. २९ अक्षरांच्या नव्या वर्णमालेत तीन वेगवेगळ्या अरबी अक्षरांसाठी एकच ‘ह’ उरला. नावाचा अर्थ बदलला नाही, पण तो आता कुणीतरी सांगावा लागतो.

हा बदल झाला तेव्हा हालिदे देशाबाहेर होत्या. १८८४चा त्यांचा जन्म. १९१९मध्ये इस्तंबूलच्या सुलतानअहमद चौकात परकीय कब्जाविरुद्ध त्यांनी केलेले भाषण गाजले. त्या स्वातंत्र्ययुद्धातही उतरल्या. पुढे कमाल यांच्याशी मतभेद झाले आणि त्यांना बरीच वर्षे परदेशात काढावी लागली.

याच काळात, १९३५ साली, त्या हिंदुस्थानात आल्या. निमंत्रण डॉ. मुख्तार अहमद अन्सारींचे. बाल्कन युद्धात तुर्कस्तानला गेलेल्या वैद्यकीय पथकाचे नेतृत्व याच अन्सारींनी केले होते. दिल्लीच्या जामिया मिल्लियात हालिदेंची व्याख्याने झाली, गांधीजींची भेट झाली. १९३७मध्ये या प्रवासावर त्यांचे ‘इनसाइड इंडिया’ हे पुस्तक आले. इथल्या लोकांनी त्यांना ‘ख़ालिदा’ म्हटले, कारण त्यांच्या कानाला तेच नाव ओळखीचे होते. बंगालीत हेच नाव ‘खालेदा’ होते. बांगलादेशच्या पंतप्रधान झालेल्या खालिदा झिया मराठी वृत्तपत्रांतून सर्वांना माहीत आहेत. त्यांचे आणि हालिदेंचे नाव एकच, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आजच्या तुर्कस्तानात नवजात मुलींसाठी झेनेप, देफ्ने, असेल ही नावे आवडीची आहेत. हालिदे हे आता मागच्या पिढीचे नाव वाटते.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या घरातले आहे. आपल्याकडे फातमाबी, खतिजाबी, जैनबबी अशा आज्या होत्या. चार बुके शिकलेली नातवंडे त्यांना ‘अशुद्ध’ ठरवून फातिमा, ख़दीजा, ज़ैनब करू लागली. खुशाल करावे, अरबी मूळ माहीत असणे चांगलेच. पण ज्या तुर्कांनी सहाशे वर्षे साम्राज्य चालवले, ज्यांच्या खिलाफतीसाठी आपले पूर्वज रस्त्यावर उतरले, तेही ‘फात्मा’च म्हणतात. त्यांची फात्मा दिमाखदार आणि आपली फातमा गावंढळ, हा न्याय कुठला?

दाखल्यावर ‘खतिजा’, आधार कार्डावर ‘खदिजा’ आणि निकाहनाम्यावर ‘ख़दीजा’ असे झाले, की आजकाल एका अक्षरापायी बाईला चकरा माराव्या लागतात. म्हणून कागदावर सगळीकडे एकच रूप ठेवावे, आणि शक्यतो ती स्वतः जे उच्चारते तेच. आजीने आयुष्यभर ‘फातमा’ या हाकेला ओ दिली असेल, तर तिचे नाव फातमाच आहे.