'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे': मुंबईत रेकॉर्ड झालेला 'शक्ती'चा अल्बम का ऐकायचा?

डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले आणि आपले फीड त्यांच्या तबल्याच्या क्लिप्सनी भरून गेले. काही क्लिप्समध्ये शेजारी एक पांढऱ्या केसांचा गिटारवादक दिसतो. ते जॉन मॅक्लॉफ्लिन आणि तो बँड 'शक्ती'. तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये बोटांचा वेग दिसतो, पण बँड कसा घडला ते कळत नाही. ते कळतं त्यांच्या लाइव्ह अल्बम्समधून.

लाइव्ह अल्बममध्ये वेगळं काय असतं?

स्टुडिओत चुकलं तर पुन्हा वाजवता येतं. प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी येऊन आपला भाग रेकॉर्ड केला तरी चालतं. लाइव्ह अल्बम मात्र श्रोत्यांसमोर झालेल्या मैफलीचा असतो. म्हणून बँड त्या काळात कसा वाजवत होता, याची ती नोंद ठरते. अमेरिकेतल्या 'टॉकिंग हेड्स' या न्यू वेव्ह बँडने १९८२ मध्ये असाच दुहेरी अल्बम काढला. पहिल्या रेकॉर्डवर चौघांचा साधा बँड, दुसऱ्यावर जास्तीचे वादक घेऊन उभा राहिलेला मोठा ताफा. चार-पाच वर्षांतला बदल सलग ऐकता येतो.

'शक्ती'ची सुरुवात कशी झाली?

मॅक्लॉफ्लिन 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'तून कर्कश्श वाटावी इतकी जोरदार इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते. ती सोडून ते अकूस्टिक गिटार घेऊन भारतीय वादकांसोबत बसले. तबल्यावर झाकीरभाई, व्हायोलिनवर एल. शंकर, घटम् वर विक्कू विनायकराम. त्यांचा पहिला अल्बम आला १९७६ मध्ये. तोही लाइव्हच होता, न्यूयॉर्कजवळच्या एका कॉलेजात जुलै १९७५ मध्ये रेकॉर्ड झालेला. हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटकी घटम् एकाच बँडमध्ये, हे तेव्हा नवीन होतं.

१९७७ नंतर बँड थांबला. वीस वर्षांनी 'रिमेंबर शक्ती' नावाने परतला, तेव्हा व्हायोलिनऐवजी पं. हरिप्रसाद चौरसियांची बासरी होती. पुढे यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन आलं आणि विनायकराम यांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश. ते कंजिरा वाजवतात. आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे घराघरांत माहीत असलेल्या खंजिरीच्याच कुळातलं हे छोटं वाद्य.

मग मुंबईत काय झालं?

डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलींमधून 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' तयार झाला. २००१ मध्ये आलेल्या या अल्बममध्ये चारच रचना आहेत. पण मंचावर पाहुणे बरेच: संतूरवर पं. शिवकुमार शर्मा, पखवाजवर भवानी शंकर, शिवाय झाकीरभाईंचे भाऊ तौफिक कुरेशी. संतूरची 'शृंगार' ही रचना पंचवीस मिनिटांहून जास्त चालते आणि सावकाश फुलते.

'गिरिराज सुधा' ही त्यागराजांची कृती गायलीय शंकर महादेवन यांनी. हो, 'कट्यार काळजात घुसली'मधले पंडितजी! १९७६ च्या अल्बममध्ये फक्त वाद्यांचा संवाद होता. इथे त्याला गळा मिळाला. पुढे शंकर महादेवन बँडचेच झाले.

आज हे का महत्त्वाचं?

२०२३ चा 'धिस मोमेंट' हा बँडचा ४६ वर्षांतला पहिला स्टुडिओ अल्बम. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाला. त्याच वर्षअखेरीस झाकीरभाई गेले. श्रीनिवास २०१४ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी गेले होते. शिवकुमारजी २०२२ मध्ये. मुंबईतली ती माणसं आता पुन्हा एका मंचावर येणार नाहीत. त्यांनी एकमेकांना दिलेली दाद मात्र रेकॉर्डिंगमध्ये उरली आहे.

कुठून सुरुवात करायची?

आधी १९७६ चा 'शक्ती', मग १९९९ चा 'रिमेंबर शक्ती' आणि नंतर 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे'. घाई असेल तर थेट 'गिरिराज सुधा' लावा. फक्त हेडफोन लावून, आणि मध्ये स्क्रोल न करता.