जलवाहिनी फुटण्याआधीची वर्षे

रस्त्यावर पाण्याचा फवारा उडाला की जलवाहिनी ‘आज’ फुटली, असे आपण म्हणतो. वास्तविक तिच्या फुटण्याचा इतिहास कित्येक दशके आधी सुरू झालेला असतो.

कोलकात्याला पलता येथील केंद्रातून गाळलेले पाणी १८७० मध्ये मिळू लागले. ते शहरापर्यंत आले बिडाच्या वाहिन्यांतून. त्या काळी बीड हा जलवाहिन्यांसाठी सर्वांत भरवशाचा धातू मानला जाई. परंतु बिडात लोखंडाबरोबर ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ओलसर, क्षारयुक्त मातीत या दोहोंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया घडते. लोखंड हळूहळू विरघळते आणि ग्राफाइटचा सांगाडा मागे उरतो. वाहिनीचा आकार जसाच्या तसा दिसतो, मात्र ती चाकूने खरवडता येईल इतकी मऊ झालेली असते.

अशा दुबळ्या वाहिनीवर आघात होतो तो दाबाच्या चढउतारांचा. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून या आघाताचे गणित मांडले. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडवले, तर दाब सुमारे शंभर मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका वाढू शकतो.

भारतातील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते. म्हणजे झडपा रोज उघडतात, रोज मिटतात आणि वाहिनीला रोज हे हेलकावे सोसावे लागतात. त्याहून गंभीर धोका पाणी बंद झाल्यावर उद्भवतो. आतला दाब नाहीसा होतो आणि ज्या चिरेतून पाणी बाहेर गळत होते, त्याच चिरेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते.

कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याची प्रचीती आली. खंडित पुरवठ्याच्या नळांतील सुमारे एक-तृतीयांश नमुन्यांत ई-कोलाय जिवाणू आढळले. अखंड पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

२०२१ मध्ये ओडिशातील पुरीने नळाचे पाणी थेट पिता येईल अशी चोवीस तासांची व्यवस्था सुरू केली. वाहिनीत सतत दाब असला की गळती लवकर ध्यानात येते आणि घाण आत शिरू शकत नाही. दीडशे वर्षांच्या या अनुभवाचा अर्थ एवढाच, की जमिनीखालची वाहिनी फुटण्याची वाट न पाहता तिचे वय, माती आणि दाब यांची नोंद ठेवली पाहिजे. ती नोंद नसेल, तर त्याची किंमत प्रथम घरातील लहान मुले मोजतात.