‘घेटो लाइफ १०१’: दोन शाळकरी मुलांनी ऐकवलेली शिकागोतली सरकारी वसाहत

शिकागोच्या दक्षिण भागात ‘आयडा बी. वेल्स होम्स’ ही गरिबांसाठीची सरकारी वसाहत होती. झुंडबळींविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय महिला पत्रकाराचं नाव तिला दिलेलं होतं. १९४१ मध्ये बांधून झालेल्या या वसाहतीत १,६६२ घरं होती. नव्वदच्या दशकात मात्र तिची ओळख टोळ्या, अमली पदार्थ आणि गोळीबार एवढीच उरली होती.

रेकॉर्डर मुलांच्या हाती

मार्च १९९३ मध्ये रेडिओ निर्माते डेव्हिड आयसे यांनी १३ वर्षांचा लीअ‍ॅलन जोन्स आणि १४ वर्षांचा लॉइड न्यूमन यांच्याकडे रेकॉर्डर दिले. लॉइड वसाहतीत राहायचा, लीअ‍ॅलनचं घर लगतच होतं. दहा दिवस दोघांनी शाळेची वाट, घरातल्या गप्पा, रस्त्यावरची मस्ती असं सगळं टिपलं. लीअ‍ॅलनने आजीला बोलतं केलं, तर लॉइडने दारूच्या आहारी गेलेल्या वडिलांना. बाहेरच्या पत्रकाराला हे प्रश्न इतक्या सहज विचारता आले नसते.

त्यातून ‘घेटो लाइफ १०१’ हा सुमारे अर्ध्या तासाचा रेडिओ माहितीपट तयार झाला. अमेरिकी विद्यापीठांत एखाद्या विषयाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला १०१ हा क्रमांक देतात. म्हणजेच ‘घेटोतल्या जगण्याचा पहिला धडा’.

एरिकचा मृत्यू

ऑक्टोबर १९९४ मध्ये याच वसाहतीत १० आणि ११ वर्षांच्या दोन मुलांनी पाच वर्षांच्या एरिक मोर्सला चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकलं. त्यांच्यासाठी गोळ्या-चॉकलेट चोरायला एरिकने नकार दिला होता. आठ वर्षांच्या भावाने त्याला धरून ठेवायची धडपड केली, पण ती अपुरी पडली.

देशभर बातमी झाली. मुलं असं का वागली, हे शोधायला लीअ‍ॅलन आणि लॉइड पुन्हा रेकॉर्डर घेऊन वसाहतीत फिरले. १९९६ च्या ‘रिमोर्स: द १४ स्टोरीज ऑफ एरिक मोर्स’ या माहितीपटाला प्रतिष्ठेचा पीबॉडी पुरस्कार मिळाला.

पुढे काय झालं?

आयसे यांनी २००३ मध्ये सामान्य माणसांचे संवाद ध्वनिमुद्रित करणारा ‘स्टोरीकॉर्प्स’ हा उपक्रम सुरू केला. लीअ‍ॅलनने २०१० मध्ये ग्रीन पार्टीकडून सिनेटची निवडणूक लढवली. लॉइडचं २०२२ मध्ये ४३ व्या वर्षी निधन झालं.

वसाहतीच्या इमारती २०११ पर्यंत टप्प्याटप्प्याने पाडल्या गेल्या. तिथले जिने, भांडणं आणि हसणं आता या ध्वनिमुद्रणांतच ऐकू येतं.